नामैक्य आणि कुलैक्य : डॉ. इरावती कर्वे यांच्या जातिविचाराची परीक्षा

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या बहुतेकांच्या दप्तरांत वेदान्त, ज्योतिष व स्तोत्रें यांच्या खालीं एक गठ्ठा असा असतो कीं, तो चारचौघांसमोर सहसा सोडला जात नाहीं. जातींच्या उत्पत्तीच्या कथा, कुळांच्या वंशावळी, ग्रामण्यांचे निवाडे, कोणीं कोणाच्या पंक्तीस बसावें याविषयींचीं निर्णयपत्रें, असे कागद त्यांत असतात. त्यांचा पुरावा म्हणून किती विश्वास धरावा, हा प्रश्न इतिहाससंशोधकांपुढें पुष्कळ दिवस पडून आहे. कोणी ते प्रमाण मानून आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहितो, कोणी ते सर्वस्वी बनावट म्हणून बाजूस सारतो. ज्या विदुषीनें या प्रश्नास पोथ्यांच्या बाहेरून, म्हणजे मनुष्याच्या शरीराच्या मापांवरून हात घातला, त्या डॉ. इरावती कर्वे यांच्या प्रतिपादनाची परीक्षा प्रस्तुत लेखांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे. २०२४ सालीं त्यांची नात ऊर्मिला देशपांडे व ब्राझीलचे मानवशास्त्रज्ञ थियागो पिंतो बार्बोझा यांनीं मिळून लिहिलेलें 'इरू' हें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झालें. त्यामुळें बाईंच्या आयुष्याकडे पुन्हा लोकांचें लक्ष गेलें आहे. परंतु आयुष्य जितकें चर्चिलें जातें तितके सिद्धान्त तपासले जात नाहींत, म्हणून हा प्रयत्न.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजीं ब्रह्मदेशांत झाला व तेथील नदीवरून त्यांचें नांव ठेविलें गेलें. हुजूरपागा व फर्ग्युसन कॉलेज येथें शिक्षण झाल्यावर त्या मुंबई विद्यापीठांत डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्यापाशीं समाजशास्त्र शिकूं लागल्या. घुर्ये हे मूळचे मालवणचे व एल्फिन्स्टन कॉलेजांत संस्कृतांत निष्णात झालेले. केंब्रिज येथें मानवशास्त्राचें अध्ययन करून ते १९२४ पासून मुंबईच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले होते. धर्मशास्त्राचें वचन एका हातीं व नासिकेच्या मापांचें कोष्टक दुसऱ्या हातीं, अशी त्यांची पद्धति होती. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं बाईंनीं १९२८ सालीं चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून एम्. ए. ची पदवी मिळविली.

मुंबईस या विद्येची परंपरा त्यापूर्वींपासून होती. येथें १८८६ सालीं मानवशास्त्रीय सभा स्थापन झाली, व १९२० ते १९२२ या काळांत एन्थोव्हेन यांचा 'ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बाँबे' हा तीन खंडांचा ग्रंथ निघाला. त्या ग्रंथांत जाती नांवांच्या वर्णानुक्रमानें लाविल्या आहेत. संदर्भासाठीं ही रचना सोयीची खरी, पण तिच्यामुळें वाचकाच्या मनांत एक समजूत नकळत रुजते. ज्यांचें नांव एक, ते सर्व एकाच मुळाचे, अशी ती समजूत होय. इरावतीबाईंच्या पुढील कार्याचा रोख या समजुतीवर आहे, असें आमचें मत आहे.

एम्. ए. नंतर त्या बर्लिन येथें ऑयगेन फिशर यांच्या संस्थेंत गेल्या. ही संस्था १९२७ सालीं मानवशास्त्र, आनुवंशिकता व वंशसुधार या विषयांसाठीं स्थापन झाली होती. पुढें नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणास जो शास्त्राचा आधार दाखविण्यांत आला, तो पुरविणाऱ्यांत तिचा मोठा वांटा होता. बाईंस मनुष्याच्या कवटींतील डाव्या-उजव्या बाजूंच्या असमतोलाचा विषय देण्यांत आला. युरोपीय लोकांच्या कवटींत हा असमतोल अधिक असावा व त्याचा बुद्धीशीं संबंध असावा, अशी गुरूंची अटकळ होती. मापें घेतल्यावर असमतोलाचा वंशाशीं संबंध आढळला नाहीं. बाईंनीं तसें लिहून दिलें, आणि १९३० सालीं त्यांस डॉक्टरेट मिळाली. हा प्रसंग आम्ही येथें केवळ चरित्रासाठीं सांगत नाहीं. ज्या साधनाचा उपयोग माणसांची प्रतवारी लावण्याकडे होत होता, तेंच साधन प्रामाणिकपणें वापरल्यास ती प्रतवारी उलथून पडते, हा धडा त्यांस तेथें मिळाला, व तो त्यांनीं मायदेशीं आणला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. चित्पावनांच्या उत्पत्तीविषयीं जो ग्रंथ पुढें केला जातो, त्या सह्याद्रिखंडाचा इतिहास संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. समुद्रकांठीं चितेपाशीं आलेल्या माणसांस परशुरामानें शुद्ध करून ब्राह्मण केलें, अशी कथा त्यांत येते. ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत नोंद केली आहे कीं, कोंकणस्थ मंडळी या ग्रंथाच्या प्रती दडपून वा नष्ट करून टाकीत, व अशी प्रत बाळगल्याबद्दल वाईच्या एका ब्राह्मणाची बाजीरावानें अप्रतिष्ठा केली. पुढें मुंबईचे वैद्य व पुराणवस्तुसंग्राहक डॉ. गर्सन दा कुन्हा यांनीं निरनिराळ्या प्रती जमवून १८७७ सालीं हा ग्रंथ मुंबईंत पाठभेदांसह छापविला. एकानें प्रत नष्ट केली व दुसऱ्यानें पाठभेद देऊन छापली, या दोन कृतींत कोणती आम्हांस प्रिय हें सांगावयास नको. परंतु छापल्यानें ग्रंथ जपला जातो, प्रमाण होत नाहीं. त्या कथेवरून चित्पावन कोठून आले हें कळत नाहीं. कथा रचणाऱ्याच्या काळीं त्यांच्याविषयीं शेजारच्या लोकांत कोणती भावना होती, एवढें मात्र कळतें. 'चित्पावन' या नांवाची चितेवरून केलेली व्युत्पत्ति हीही त्याच भावनेची खूण आहे.

मग मूळ शोधावें कसें? सर हर्बर्ट रिस्ले यांचें उत्तर नाकाच्या मापाचें होतें. जातीचा दर्जा जितका वरचा तितकें नाक अरुंद, असा नियम त्यांनीं सांगितला. घुर्ये यांनीं १९३२ सालच्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या ग्रंथांत रिस्ले यांचींच मापें पुन्हा तपासून दाखविलें कीं, हा नियम गंगायमुनेच्या प्रदेशाबाहेर टिकत नाहीं. नियम खोडण्यास नवें माप घ्यावें लागलें नाहीं. जुनें कोष्टक लक्षपूर्वक वाचल्यानें काम झालें. रोटीबेटीचे निर्बंध प्रत्यक्ष पाळणारा घटक मोठी जात नसून पोटजात हा आहे, हेंही घुर्ये यांनींच स्पष्ट केलें.

शिष्या गुरूंच्या पुढें गेली ती येथूनच. 'हिंदु सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' या १९६१ सालच्या ग्रंथांत बाईंचा आक्षेप असा आहे कीं, लहान गट मोठ्या जातीच्या विभागणीनें निर्माण झाले हें गृहीत धरूं नये. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर 'पोटजात' या शब्दांतच उत्पत्तीचा निकाल देऊन टाकलेला आहे. जणूं मोठी जात आधीं होती व तिच्या पोटांतून या लहान जाती निघाल्या. बाईंनीं हा क्रम उलटा केला. आपल्यापुरता विवाहसंबंध ठेवणारा लहान गट हीच खरी जात; एका धंद्यामुळें अथवा एका दर्जामुळें अशा अनेक जातींस एक नांव पडलें, म्हणजे जो बनतो तो जातींचा पुंज. पुंजास नांव आहे, पण त्याचें एक कूळ असलेंच पाहिजे असें नाहीं.

त्यांचें आवडतें उदाहरण कुंभारांचें आहे. महाराष्ट्रांत थोरचाके व लहानचाके असे कुंभार आहेत. चाक निराळें, घडविण्याची रीत निराळी, व विवाहसंबंध परस्परांत नाहींत. तरी नांव एक. मुंबईकरांस हें समजण्यास पुस्तकाची गरज नाहीं. गिरगांवाजवळ एक कुंभारवाडा आहे व धारावींत दुसरा. धारावीचे कुंभार सौराष्ट्रांतून आलेले व घरीं गुजराती बोलणारे. त्यांची व देशावरच्या लहानचाक्यांची पूर्वपीठिका एकच, असें केवळ नांवावरून कोणी म्हटल्यास ऐकणारा हसेल. कोळ्यांचेंही तसेंच. वरळी-माहीमचा सोनकोळी होडी व जाळें जाणतो. जुन्नर-अकोल्याकडील महादेव कोळी, ज्यांच्यावर घुर्ये यांनीं १९५७ सालीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो डोंगरउतारावर भात व नाचणी पिकवितो. दोघांत बेटीव्यवहार नाहीं. शब्द मात्र एकच, आणि जुन्या कागदांत 'कोळी' एवढेंच लिहिलेलें असलें म्हणजे तो कोणता, हें दुसऱ्या पुराव्यावांचून ठरत नाहीं.

आपलें म्हणणें केवळ उदाहरणांवर न ठेवतां बाईंनीं तें मोजमापानें तपासलें, हें त्यांचें वैशिष्ट्य. वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनीं १९५१ सालीं महाराष्ट्रांतील लोकांचीं शरीरमापें प्रसिद्ध केलीं. आणि १९६८ सालीं कैलाश मल्होत्रा यांच्यासह एकाच दर्जाच्या आठ ब्राह्मण जातींची जीवशास्त्रीय तुलना प्रसिद्ध केली. हीं आठही नांवें 'ब्राह्मण' या एका पुंजांतलीं. पण शरीरलक्षणांत त्यांच्यांत लक्षणीय अंतर आढळलें. एका मूळ ब्राह्मणसमाजाच्या या आठ शाखा, असें मानण्यास हा मोठा अडथळा झाला.

या कामीं परळचाही वांटा आहे, व तो आमच्या वाचकांस बहुधा ठाऊक नसेल. टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. व. रा. खानोलकर यांनीं ल. दे. संघवी यांच्यासह १९४९ च्या सुमारास मुंबईंतील सहा अंतर्विवाही गटांत सात आनुवंशिक लक्षणें तपासून तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनीं मोठ्या जातीचें नांव न घेतां अंतर्विवाही गट हाच घटक धरला, हें महत्त्वाचें. पुढें १९५२ सालीं परळच्याच सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. य. मो. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं एका नव्या रक्तगटाचा शोध 'लॅन्सेट' पत्रांत जाहीर केला. त्यास आज जगभर 'बाँबे' रक्तगट म्हणतात. साधी तपासणी या रक्तास 'ओ' ठरविते. पण खऱ्या 'ओ' रक्तांत जें 'एच' द्रव्य असतें तें यांत नसतें, आणि अशा मनुष्यास 'ओ' रक्त दिल्यास त्याच्या जिवावर बेततें. एका नांवाखालीं दोन निराळ्या वस्तू दडलेल्या असूं शकतात, व ती चूक नुसती शास्त्रीय न राहतां प्राणघातक होऊं शकते, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं.

येथवर आम्ही बाईंच्या बाजूनें आहों. नांव एक म्हणून कूळ एक नव्हे, हा त्यांचा निषेधात्मक सिद्धान्त आम्हांस निर्विवाद वाटतो. परंतु त्या एवढ्यावर थांबल्या नाहींत. हे अंतर्विवाही गट फार प्राचीन, आर्यांच्या आगमनाच्याही पूर्वींपासूनचे टोळीसारखे समाज असावेत, व पुढें ते शेजारींशेजारीं येऊन एका व्यवस्थेंत गुंफले गेले, असें त्यांचें विधायक प्रतिपादन आहे. तेथें आम्ही त्यांच्याबरोबर जाऊं शकत नाहीं.

ज्यांनीं पोथ्यांचे पाठ ताडून पाहिले आहेत, त्यांस आमचा आक्षेप चटकन समजेल. दोन प्रतींत एकच पाठ आढळला म्हणून त्या एका आदर्श प्रतीवरून उतरल्या असें सिद्ध होत नाहीं. लेखकानें दुसरी प्रत पाहून पाठ उचललेला असूं शकतो. पण दोन प्रतींत भेद आढळला म्हणून त्यांचे आदर्श आरंभापासून वेगळे, असेंही सिद्ध होत नाहीं. एकाच आदर्शाच्या दोन प्रती दोन प्रांतांत गेल्यावर चारपांच लेखकांच्या हातून पार निराळ्या होतात. साम्य हा एकमूळत्वाचा पुरावा नव्हे, तसाच भेद हा भिन्नमूळत्वाचा पुरावा नव्हे. बाईंनीं यांतील पहिलें वाक्य समाजास शिकविलें, आणि दुसरें त्या स्वतः विसरल्या. लहान गट कांहीं पिढ्या आपसांतच विवाह करूं लागला कीं त्याचीं लक्षणें शेजाऱ्यांपासून आपोआप दूर सरकतात. तेव्हां आठ ब्राह्मण जातींतील अंतर हें निराळ्या मुळाचें फळ कीं दीर्घकालीन अंतर्विवाहाचें, हा निर्णय केवळ अंतर मोजून होत नाहीं.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचे प्रधान संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं १९३३ सालीं आदिपर्वाच्या उपोद्घातांत हीच सावधगिरी शिकविली होती. महाभारताच्या प्रती शतकानुशतकें एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत कीं त्यांचा शुद्ध वंशवृक्ष काढतां येत नाहीं. सिद्ध केलेली संहिता ही आद्य कृति नव्हे, तर उपलब्ध प्रतींवरून जेथवर मागें जातां येतें तेथवरचें रूप होय, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. ते मुंबईचे, व त्यांचीही डॉक्टरेट बर्लिनची. त्यांची ही मर्यादा बाईंनीं जातींच्या बाबतींत पाळली असती तर त्यांचा ग्रंथ अधिक भक्कम झाला असता.

नंतरच्या संशोधनानेंही ही शंका बळावली आहे. २०१३ सालीं हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रांतील व अमेरिकेंतील संशोधकांनीं मिळून भारतांतील अनेक गटांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारें ४२०० ते १९०० वर्षांपूर्वींच्या काळांत येथील लोकांत मोठ्या प्रमाणावर मिश्रण झालें व त्यानंतर अंतर्विवाहाचा निर्बंध दृढ झाला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हें खरें असेल तर आजच्या जातींच्या भिंती अनादि नव्हेत. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या माणसांचे पूर्वज कधीं काळीं एकमेकांचे सोयरे होते. बाईंच्या हयातींत हें साधन नव्हतें, म्हणून त्यांस दोष देतां येत नाहीं. पण जो आज त्यांचा ग्रंथ आधारास घेतो त्यास हें अज्ञान शोभणार नाहीं.

दुसरा आक्षेप साधनाविषयीं आहे. फ्रान्झ बोआस यांनीं अमेरिकेंत स्थायिक झालेल्यांच्या मुलांचीं डोकीं मोजून १९१२ च्या सुमारासच दाखविलें होतें कीं, परिस्थिति बदलल्यास डोक्याचीं मापेंही एका पिढींत बदलूं शकतात. तेव्हां उंची व मस्तक यांच्या मापांत कुळाइतकाच अन्नाचा व राहणीचा वांटा असतो. बर्लिनच्या गुरूंची अटकळ खोडून काढणाऱ्या बाईंनीं बर्लिनचा कंपास मात्र जन्मभर सोडला नाहीं. आम्हांस ही विसंगति खटकते.

तिसरा मुद्दा आमच्या स्वतःच्या क्षेत्राचा. महाभारताची संशोधित आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली व १९६७ सालीं बाईंचें 'युगान्त' निघालें; साहित्य अकादमीनें १९६८ सालीं त्याचा गौरव केला. महाभारताकडे मनुष्यांची कथा म्हणून पाहण्याचें धैर्य त्यांत आहे व त्यांनीं आधारही संशोधित संहितेचाच घेतला. परंतु विदुर हा युधिष्ठिराचा पिता असावा, हें त्यांचें अनुमान पाहा. विदुर धर्माचा अंश, युधिष्ठिर धर्माचा पुत्र. नियोगास दीर योग्य. आणि आश्रमवासिकपर्वांत विदुर योगानें युधिष्ठिराच्या देहांत प्रवेश करतो, हे त्यांचे आधार. अनुमान मोहक आहे, व त्यांनीं तें अनुमान म्हणूनच मांडलें आहे. तथापि हे तिन्ही साक्षी एकाच ग्रंथाच्या पोटांतले. बाहेरचा एकही नाहीं. काव्यांतील संगति ही कवीच्या रचनेची संगति असते, ती घडलेल्या गोष्टीची असेलच असें नाहीं. जातीच्या कथेस बाहेरचा साक्षी मागणाऱ्या बाईंनीं भारतकथेस तो मागितला नाहीं.

इतकें सांगूनही आम्हीं बाईंचें ऋण मान्य केलें पाहिजे. ११ ऑगस्ट १९७० रोजीं त्या निवर्तल्या. त्यानंतरच्या पन्नासांहून अधिक वर्षांत जातींचे इतिहास पुष्कळ छापले गेले, परंतु त्यांतील बहुतेकांचे लेखक नांवावरून कूळ व कुळावरून मोठेपणा काढण्याच्या जुन्याच वाटेनें गेले आहेत. गिरगांवांतील वाड्यांत व लालबाग-परळच्या चाळींत आजही कुलवृत्तांताच्या प्रती जपून ठेवलेल्या आढळतात. त्यांत पहिला पुरुष ऋषि असतो, दुसरा एकदम चारपांचशें वर्षांपूर्वींचा, व मधल्या अंतराविषयीं कोणी विचारीत नाहीं. ते कागद फेंकून द्यावे असें आम्ही म्हणत नाहीं. त्या दुसऱ्या पुरुषापासून पुढचा भाग, म्हणजे वतनें, स्थलांतरें, सोयरिकी व तंटे, हें इतिहासाचें खरें धन आहे.

म्हणून संग्राहक मित्रांस आमची विनंति आहे. असा गठ्ठा हातीं आला कीं त्यावर नुसतें 'अमुक ज्ञातीचा इतिहास' असें लिहून कपाटांत ठेवूं नये. प्रत कोणीं उतरली, कोणत्या शकांत, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या वादाच्या प्रसंगीं व ती कोणत्या गांवीं मिळाली, याची नोंद करावी. कागदांत 'कोळी', 'कुंभार' वा 'ब्राह्मण' एवढाच शब्द असल्यास आपल्या पदरचें विशेषण त्यास जोडूं नये. आपल्या कुळास कमीपणा आणणारी प्रत असली तरी ती दडवूं नये, व मोठेपणा देणारी असली म्हणून ती प्रमाण मानूं नये. वाईच्या त्या ब्राह्मणानें अप्रतिष्ठा सोसली ती एका प्रतीपायीं. निदान त्याच्यासाठीं तरी आपण एवढें करावें.

इरावतीबाईंचा विधायक सिद्धान्त टिको वा न टिको, नांवावर भुलूं नये हा त्यांचा इशारा प्रत्येक दप्तरावर चिकटवून ठेवण्यासारखा आहे. आमच्या आक्षेपांत कोठें चूक आढळल्यास मर्मज्ञ वाचकांनीं ती साधार दाखवावी; आम्ही ती आनंदानें स्वीकारूं.